भरपगारी रजा आणि गोलघुमट

"विजापूरला? तिथे आपले कोण आहे?" हा प्रश्न गेल्या डिसेंबरात आम्हाला निदान पंधरा जणांनी विचारला असेल. आमचे कुणीच नाही, आम्ही दोघे नुसते गाव बघायला चाललो आहोत, असे सांगितले की समोरचा माणूस घटकाभर गप्प व्हायचा. आमच्या मातोश्रींनी तर आवाज खाली आणून विचारले, "खरं सांग, कुणी आजारी आहे का तिकडं?"

यात त्यांचा दोष नाही. आपला माणूस घराबाहेर पडतो तो लग्नाला, नामकरणाला, नाहीतर जलदानविधीला. चैत्यभूमी, दीक्षाभूमी आणि ज्याची ऐपत आहे तो आयुष्यात एकदा बुद्धगया-सारनाथ. यातल्या प्रत्येक प्रवासाला काही ना काही कारण आहे. विनाकारण, केवळ डोळ्यांना बरे वाटावे म्हणून नवरा-बायकोने परक्या गावी जाऊन लॉजमध्ये पैसे मोजायचे, हे आपल्या वस्तीत अजून थोडे चोरटेपणाचेच वाटते. पोरगा नोकरीला लागू दे, पोरीचे लग्न होऊ दे, मग बघू, असे म्हणता म्हणता गुडघे जातात.

आम्ही पडलो कारकून. ऑफिसातले रजेचे रजिस्टर वर्षानुवर्षे आमच्याच टेबलावर असते. रजेच्या अर्जात कारणाचा एक रकाना असतो. त्यात आपल्या लोकांची कारणे ठरलेली. आजारपण, मयत, घरगुती काम, गावी घर शाकारणे. यंदा वर्ष संपत आले तरी आमच्या चार किरकोळ रजा शिल्लक होत्या आणि एकतीस तारखेला त्या बुडणार होत्या. आम्ही अर्ज लिहिला आणि कारण लिहिले 'पर्यटन'. साहेबांनी तो शब्द दोनदा वाचला, चष्मा काढून आमच्याकडे पाहिले आणि सही केली.

आता ही भरपगारी रजा आली कुठून, हे वाचक बंधू-भगिनींना ठाऊक असले तरी पुन्हा सांगतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामगाराला पगारासह सुट्टी मिळावी यासाठीचे दुरुस्ती विधेयक त्यांनी १९४४ च्या नोव्हेंबरात मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि १९४५ साली तो कायदा झाला. सलग वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवस सुट्टी, तीही पगार न कापता. त्याआधी सुट्टी म्हणजे उपास. आपण त्या दहा दिवसांचे काय केले? लग्नांत वाढपी झालो, नाहीतर तापाने फणफणत घरी पडलो. विसावा घ्यायचा राहूनच गेला.

विजापूरच का, तर त्याचे श्रेय आमच्या सहचारिणींचे. त्यांची शाळा आठवीतून सुटली. पण चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातले विजापूर त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले. आपल्याला ते गाव ठाऊक आहे ते शत्रूची राजधानी म्हणून. शहाजीराजे त्याच आदिलशाहीचे मोठे सरदार होते, हे आपण वाचतो आणि पान उलटतो. "एवढी भांडणं ज्या गावाशी झाली, ते गाव आहे तरी कसं?" हा त्यांचा प्रश्न. शिवाय त्यांना त्या महिन्यात भिशी लागली होती आणि निम्मा खर्च त्यांनी उचलला. पैसा ज्याचा, गाव त्याचे.

रविवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईहून निघालो, सकाळी सोलापूर. तिथून कर्नाटकच्या एस.टी.ने शंभर किलोमीटर. दोन्ही बाजूंना ज्वारी आणि तुरीची काळी राने, मधूनच द्राक्षाचे मांडव. विजापूरचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर विजयपूर झाले आहे, पण सोलापूरच्या स्टँडवर विचारताना अजून विजापूरच म्हणावे, लवकर उत्तर मिळते.

लॉजवर आधार कार्ड मागितले. आडनाव वाचून माणूस मान वर करतो की नाही, हे आमच्या पिढीला न बघता कळते. या गृहस्थाने मान वर केली ती फक्त अॅडव्हान्स मागण्यासाठी. गरम पाणी सकाळी सहा ते आठ, एवढे सांगून त्याने किल्ली दिली. आमच्या सहचारिणी खोलीत गेल्या, पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आता काय करायचं?" स्वयंपाक नाही, नळ भरायचा नाही, कुणाला डबा द्यायचा नाही. वीस वर्षांत असा प्रसंग आला नव्हता.

गोलघुमट स्टेशनच्या जवळच आहे. गावात शिरतानाच दिसतो आणि मग गावभर कुठूनही दिसत राहतो. मोहम्मद आदिलशहाने (कारकीर्द १६२७ ते १६५६) हयातीतच बांधायला घेतलेली ही त्याची कबर. याचा कारागीर म्हणून दाभोळच्या याकूतचे नाव घेतले जाते. दाभोळ म्हणजे आपल्या कोकणातलेच. कबरीच्या पुढे नगारखाना आहे, त्यात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, तेही बघावे. पण खरी गंमत आत पाऊल टाकल्यावर.

आत काहीच नाही. मधोमध चौथरा, त्यावर लाकडी छपरीखाली राजाच्या आणि घरच्यांच्या कबरींच्या खुणा. खऱ्या कबरी खाली तळघरात. बाकी सगळी मोकळी जागा, एका बाजूला जवळपास १३५ फूट. अठरा हजार चौरस फुटांच्या वर क्षेत्रफळ आणि मध्ये एकही खांब नाही. आमची खोली एकशे ऐंशी चौरस फुटांची. बी.कॉम.ला शिकलेले गणित असे अचानक कामी येते. आमच्या वस्तीतल्या शंभर खोल्या या एका कबरीत मावतात! शंभर बिऱ्हाडांची जागा एका मेलेल्या माणसाला, हा विचार आमच्या मनात आला आणि तो आम्ही बोलूनही दाखवला. सहचारिणी वर बघत होत्या. त्या म्हणाल्या, "ते राहू द्या हो. खांब कुठायत ते सांगा आधी."

प्रश्न रास्त होता. बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमट, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीडशे फुटांना थोडेच कमी, आणि तो उभा आहे कशावर? उत्तर त्या दिवशी तिथे एका शाळेच्या सहलीबरोबर आलेल्या गुरुजींनी मुलांना दिले, ते आम्हीही ऐकले. त्यांनी दोन चौकोनी रुमाल घेतले, एक सरळ पसरला आणि दुसरा त्याच्यावर तिरका ठेवला. आठ टोकांची चांदणी झाली. वर बघा, म्हणाले. भिंतींतून निघालेल्या आठ मोठ्या कमानी अशाच एकमेकींना छेदून जातात, आणि चौकोनी दालनाचा वर जाता जाता गोल होतो. घुमटाचे ओझे बाहेर फाकू बघते आणि या कमानींवरचे आत झुकलेले वजनदार बांधकाम त्याला आवरून धरते. भिंती अर्थातच जाडजूड आहेत. कुणी तरी हे सगळे आधी मनात मांडले, मग दगड-चुन्यात उतरवले. आमच्या सहचारिणींनी पदराचे टोक आणि पर्समधला रुमाल घेऊन ते पुन्हा करून पाहिले आणि मगच पुढे सरकल्या.

गाइड मंडळी इथे रंभेची गोष्ट सांगतात. रंभा ही राजाची आवडती नर्तकी, तिचीही कबर इथेच आहे असे म्हणतात. राजाने तिला विचारले, माझ्यासाठी वरून उडी टाकशील का, आणि तिने टाकली. ऐकणाऱ्या बाया हळहळतात. आमच्या सहचारिणी गाइडला म्हणाल्या, "मग राजानं का नाही टाकली?" त्याला बहुधा हा प्रश्न कुणी विचारला नसावा.

चार कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत, त्यांच्या आतून जिना. पायऱ्या उंच, वाट अरुंद, उतरणारे आणि चढणारे एकमेकांना अंग चोरून वाट देतात. सहचारिणींचा उजवा गुडघा दुखरा. प्रत्येक मजल्यावर खिडकीसारख्या कमानी आहेत, तिथे थांबत, गाव बघत, पाण्याचा घोट घेत आम्ही अर्ध्या तासाने वर पोचलो. वर घुमटाच्या आत भिंतीला धरून गोल सज्जा आहे, अकराएक फूट रुंद. हीच ती प्रसिद्ध बोलकी गॅलरी. इथे टाळी वाजवली की सात-सात, दहा-दहा वेळा परत येते. आणि भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले की समोरच्या टोकाला, शंभर फुटांपलीकडे, कानाशी बोलल्यासारखे ऐकू येते. म्हणजे यायला पाहिजे. त्या संध्याकाळी तीन शाळांची पोरे होती आणि प्रत्येक पोराला स्वतःचे नाव ओरडून ऐकायचे होते. पोरांना दोष कसा द्यावा? आपले नाव एवढ्या मोठ्याने परत ऐकायला कुणाला आवडणार नाही! पण कुजबुज काही ऐकू आली नाही. तेव्हा वाचकहो, घुमट सकाळी सहाला उघडतो, त्या वेळेला जा. आम्ही मंगळवारी तसेच केले.

सकाळी वर आम्ही दोघे आणि एक धोतरवाले म्हातारे गृहस्थ, एवढेच. सहचारिणी पलीकडे गेल्या. आम्ही भिंतीला कान लावून बसलो. चाळीतल्या खोलीचा संसार सर्वांना माहीत आहे. मध्ये पडदा, पडद्यापलीकडे आई, पातळ भिंतीपलीकडे शेजारी, आणि पोरे तर कानच घेऊन जन्माला येतात. वीस वर्षांत नवरा-बायको जे बोलतात ते सगळ्यांसमक्ष बोलण्याजोगेच असते. त्यामुळे बाई काय बोलणार याची आम्हाला उत्सुकता होती. काही वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग अगदी कानात बोलल्यासारखा आवाज आला : "मला सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय. दहावीचा. हसू नका."

आम्ही हसलो नाही. पण आमच्यापासून चार हातांवर बसलेल्या त्या म्हाताऱ्यांना ते ऐकू गेले असावे आणि थोडे मराठीही येत असावे, कारण ते आमच्याकडे बघून जोरजोरात मान डोलावू लागले. आम्ही भिंतीशी तोंड नेऊन म्हणालो, "भर." तो 'भर' घुमटात किती वेळा फिरला ते मोजायचे राहिले. खाली उतरताना कळले की लेकीची जुनी पुस्तके त्यांनी रद्दीत दिलेली नाहीत. पत्र्याच्या पेटीत गोधडीखाली ठेवली आहेत, चार वर्षे. गणिताची भीती वाटते, म्हणाल्या. आता बी.कॉम. घरातच आहे म्हटल्यावर ती सोय होईल.

इब्राहिम रोजा गावाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला. गोलघुमट बघून छाती दडपते, इथे ती मोकळी होते. एका चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, एक मशीद आणि एक कबर. दुसरा इब्राहिम आदिलशहा (१५८० ते १६२७) आणि त्याची राणी ताज सुलताना यांची. खिडक्यांच्या दगडी जाळ्यांत अरबी अक्षरे अशी कोरली आहेत की अक्षरांच्या मधून उजेड आत येतो. सहचारिणी बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. हा राजा संगीताचा वेडा. 'किताब-ए-नौरस' हे पुस्तक त्याने दखनी बोलीत लिहिले, त्यात सरस्वतीची स्तुती आहे, आणि लोक त्याला जगद्गुरू म्हणत. आजकाल इतिहासाच्या नावाने जी डोकी भडकवली जातात, त्यांना ही माहिती गैरसोयीची होते.

आम्हाला मात्र भावला तो दारावरचा फारसी लेख. त्यात मलिक संदल या बांधणाऱ्याचे नाव आहे आणि खर्चही आहे : दीड लाख हून आणि वर नऊशे. वरचे नऊशेसुद्धा सोडले नाहीत! कोणत्या तरी कारकुनाने ती बेरीज केली असेल. याच घराण्यातल्या पहिल्या इब्राहिमने दरबारी हिशेब फारसीतून काढून इथल्या भाषेत आणले, असे फरिश्ता हा तेव्हाचा इतिहासकार लिहितो, आणि ते काम ब्राह्मण कारकुनांच्या हाती गेले असेही तो नोंदवतो. म्हणजे राजा कुठलाही असो, दप्तराच्या गादीवर कोण बसले ते कळलेच. पाथरवट, चुना मळणारे, दगड वाहणाऱ्या बाया यांची नावे कुठल्या लेखात शोधायची?

मलिक-ए-मैदान तोफेपाशीही हाच विचार आला. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) १५४९ साली ओतलेली ही तोफ, वजन पंचावन्न टनांच्या घरात. तोंड सिंहाचे आणि जबड्यात हत्ती. १६३२ मध्ये ती विजापूरला आणली, तेव्हा दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. इंग्रजांच्या राज्यात १८५४ साली हिचा लिलाव पुकारला, तेव्हा बोली आली दीडशे रुपये. लिलाव रद्द झाला म्हणून ती वाचली. जिच्या धाकाने किल्ले पडायचे, तिची किंमत मोडीच्या भावाचीही आली नाही.

बुधवारी ताज बावडी पाहिली. गावात गेल्यावर लोक ही विहीर चुकवतात, तसे करू नये. राणी ताज सुलतानाच्या नावाने १६२० साली बांधलेली, चौकोनी, प्रत्येक बाजू दोनशे फुटांच्या वर, दारावर भली मोठी कमान आणि दोन्ही अंगांनी पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या. मधल्या काळात गाळ आणि कचरा भरला होता, नंतर तो उपसला. विजापूर हा कोरड्या मुलखातला गाव. लाखो माणसांना पाणी आणायचे कुठून? तोरवीकडून जमिनीखालून बोगदा खोदून पाणी आणले. १६५१ साली बेगम तलाव बांधून तिथून मातीच्या नळांनी आणले. वाटेत जागोजाग दगडी मनोरे बांधले, त्यांना गंज म्हणतात. पाणी मनोऱ्यात चढते, जोर कमी होतो, गाळ खाली बसतो आणि नळ फुटत नाहीत. रस्त्याच्या कडेला असा एक गंज उभा आहे, पर्यटक त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. आमच्या सहचारिणी त्याला प्रदक्षिणा घातल्यासारख्या फिरल्या. पहाटे चारला उठून नळ भरणाऱ्या बाईला पाण्याचा जोर काय असतो ते पुस्तकात वाचावे लागत नाही.

बावडीच्या पायरीवर बसलो असताना दौलताबादची आठवण निघाली. १९३४ साली बाबासाहेब कार्यकर्त्यांना घेऊन वेरूळची लेणी बघायला निघाले होते. म्हणजे सहलच ती. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला थांबले आणि प्रवासाच्या धुळीने माखलेले हातपाय दारापाशीच्या हौदावर धुतले. लगेच आरडाओरडा झाला, धेडांनी हौद बाटवला. महाडनंतर सात वर्षांनी, आणि ओरडणारे या वेळी मुसलमान होते. शेवटी किल्ला बघायला मिळाला, पण पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारी शिपाई देऊन. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. म्हणजे डोळ्यांनी बघण्याची मुभा, तीही पहाऱ्यात. आम्ही सहचारिणींना हे सांगत होतो तेव्हा शेजारच्या टपरीवरच्या मुलाने न मागता पाण्याचा जग आणून ठेवला. त्या पाणी प्यायल्या, तोंडावर पाणी मारले, पायावर घेतले. "बघा, कुणी ओरडलं का?" म्हणाल्या. कुणी ओरडले नाही. आपल्याकडे अजून ज्या गावांत ओरडतात, त्यांची नावे आम्ही तिथे बसूनच घेतली. ती काही थोडी नव्हती.

बारा कमान धावतच पाहिली. दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर, नुसत्या काळ्या कमानी आणि वर आभाळ. तो १६७२ मध्ये वारला आणि १६८६ मध्ये औरंगजेबाने राज्यच बुडवले. जुम्मा मशीद मोठी, शांत, स्वच्छ. चपला काढून गेलो, कुणी हटकले नाही.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, उन्हाळ्यात दगड भाजतात. रिक्षाचे भाडे आधी ठरवावे. खानावळीत जोळद रोट्टी मागावी, म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, सोबत भरले वांगे आणि शेंगदाण्याची चटणी. दोन वेळा तेच जेवलो तरी कंटाळा आला नाही. भाषा कन्नड, पण हिंदी आणि मोडके मराठी चालून जाते. लॉज, गाडी, जेवण, तिकिटे धरून दोघांचा हिशेब आम्ही वहीत लिहून ठेवला आहे, विहारात भेटा, दाखवतो. एका मध्यम लग्नातल्या आहेर-पोशाखाच्या खर्चात हे बसते.

बसवण्णांचे जन्मगाव बसवन बागेवाडी याच जिल्ह्यात आहे. ते राहिले. बाराव्या शतकात जातीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचे गाव एवढ्या जवळून चुकवणे आम्हाला बरे वाटले नाही, पण बुधवारी रात्रीची सोलापूरची गाडी पकडायची होती आणि चौथी रजा झोपेसाठी राखून ठेवली होती. सहचारिणींचे म्हणणे, ते परीक्षेनंतर.